जैवधारण प्रणाली

जैवधारण प्रणाली ही छपरे, रस्ते, वाहनतळ आणि फरसबंद अंगणे यांवरून वाहून येणारे पावसाचे पाणी उथळ, खोलगट वाफ्यात अडवून ते वनस्पती व वाळूप्रधान मातीच्या थरांतून गाळणारी रचना आहे. गाळलेले पाणी जमिनीत मुरते किंवा तळाशी बसवलेल्या सच्छिद्र नळीतून नाल्यात जाते. पाण्यातील गाळ, जड धातू, तेलकट पदार्थ व काही प्रमाणात पोषकद्रव्ये कमी करणे आणि नाल्यांकडे जाणाऱ्या प्रवाहाचा वेग व आकारमान घटवणे हे तिचे दोन मुख्य हेतू आहेत. घराच्या अंगणात केल्या जाणाऱ्या तिच्या लहान व साध्या रूपास पर्जन्यउद्यान म्हणतात.

जैवधारण प्रणाली मुख्यतः लहान व वारंवार पडणाऱ्या पावसासाठी आखली जाते. अतिवृष्टीत तिची साठवणक्षमता अल्पावधीत संपते. त्यामुळे ती पर्जन्यजलवाहिन्या व नाल्यांना पूरक ठरते, पर्याय ठरत नाही. कोकणासारख्या, चार महिन्यांत बहुतेक सर्व पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. या लेखात प्रणालीच्या सर्वसाधारण माहितीबरोबर ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील अंबाडी परिसराच्या अनुषंगाने तिच्या उपयोज्यतेचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

शेतजमीन, कुरण किंवा वन यांवर पडलेल्या पावसाचा मोठा भाग जमिनीत मुरतो, वनस्पती शोषून घेतात किंवा त्याची वाफ होते. त्याच जागी पत्र्याची छपरे, काँक्रीटचे रस्ते व वाहनतळ आले की जवळजवळ सर्व पाणी पृष्ठभागावरून वाहू लागते. ते कमी वेळात नाल्यात पोहोचत असल्याने प्रवाहाचा उच्चांक वाढतो, नाल्यांचे काठ खचतात आणि भूजलाचे पुनर्भरण घटते.

हे पाणी दिसते तितके स्वच्छ नसते. टायरची झीज, ब्रेकमधून सुटणारे तांब्याचे कण, जस्तलेपित पत्र्यांतून विरघळणारे जस्त, इंजिनातून गळणारे तेल, बांधकामाची माती, जनावरांची विष्ठा आणि कचरा त्यात मिसळतो. सुरुवातीच्या काही मिलिमीटर पावसात या प्रदूषकांचे प्रमाण बहुधा सर्वाधिक असते. त्या पाण्यास प्रथम प्रवाह म्हणतात. जेथे वर्षातील सात-आठ महिने कोरडे जातात तेथे संपूर्ण कोरड्या हंगामातील साठलेली घाण जूनच्या पहिल्या सरींबरोबर नदीनाल्यांत उतरते.

इतिहास

आधुनिक जैवधारण प्रणालीचा विकास १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीमध्ये झाला. तेथील पर्यावरण विभागाने मोठ्या साठवण तळ्यांऐवजी प्रत्येक भूखंडावर लहान वाफे करण्याची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये तिची आरेखन-पुस्तिका प्रसिद्ध केली. सॉमरसेट या निवासी वसाहतीत घरोघरी पर्जन्यउद्याने तयार करण्यात आली. पुढे मेरीलँड विद्यापीठात या माध्यमांच्या प्रदूषक-निवारण क्षमतेचा पद्धतशीर अभ्यास झाला. सिएटल व पोर्टलंड या शहरांनी रस्त्याच्या कडेने असे वाफे केले.

ऑस्ट्रेलियात ही पद्धत जलसंवेदनशील नगररचनेचा भाग बनली. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधनातून गाळण माध्यमाची प्रत, वनस्पतींची निवड व संपृक्त थराचा उपयोग यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. सिंगापूरने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘एबीसी वॉटर्स’ कार्यक्रमात उष्ण कटिबंधातील मुसळधार पावसासाठी तिचे आरेखन बदलून घेतले. चीनने २०१५ पासून निवडक शहरांत राबवलेल्या ‘स्पंज शहर’ कार्यक्रमातही जैवधारण वाफ्यांचा समावेश आहे.

रचना

जैवधारण प्रणालीचे प्रमुख घटक वरून खाली पुढीलप्रमाणे असतात.

• प्रवेशमार्ग व गाळकप्पा : रस्त्याच्या कडेच्या दगडातील खाच किंवा छपराची पन्हळ यांतून पाणी आत येते. प्रवेशापाशी दगडगोट्यांचा लहान कप्पा ठेवल्यास वेग कमी होऊन जाड गाळ व कचरा तेथेच थांबतो.
• साठवण खोलगटा : सामान्यतः १५० ते ३०० मिमी खोलीचा. पाऊस थांबल्यानंतर २४ ते ४८ तासांत तो रिकामा होणे अपेक्षित असते.
• आच्छादन : लाकडाचे तुकडे, साल किंवा बारीक खडी. त्यामुळे तण व बाष्पीभवन कमी होते.
• गाळण माध्यम : ०.६ ते १.२ मी जाडीचा वाळूप्रधान थर. एका प्रचलित मिश्रणात सुमारे ८५ ते ८८ टक्के वाळू, ८ ते १२ टक्के बारीक माती व ३ ते ५ टक्के सेंद्रिय पदार्थ असतात.
• संक्रमण थर : माध्यमातील बारीक कण खालच्या खडीत जाऊ नयेत म्हणून जाड वाळू किंवा बारीक खडीचा थर.
• निचरा थर : धुतलेली खडी व तीत बसवलेली, सामान्यतः १०० ते १५० मिमी व्यासाची सच्छिद्र नळी.
• सांडवा : साठवण खोली भरल्यानंतरचे पाणी सुरक्षितपणे नाल्यात नेणारे उभे तोंड किंवा कडेची खाच.

खालची जमीन पाणी चांगले मुरवत असेल तर तळ उघडा ठेवतात. जमीन चिकणमातीची असल्यास निचरा नळी आवश्यक ठरते. पेट्रोल पंप, वाहनदुरुस्तीची जागा किंवा रसायनांचे गोदाम असल्यास भूजल दूषित होऊ नये म्हणून तळाला व बाजूंना अभेद्य अस्तर देतात. उघड्या तळाची रचना विहिरींपासून सुमारे ३० मी व इमारतीच्या पायापासून किमान ३ मी दूर ठेवण्याचा संकेत आहे. तिचा तळ व पावसाळ्यातील सर्वोच्च भूजलपातळी यांत सुमारे ०.६ मी किंवा अधिक अंतर ठेवले जाते.

कार्यपद्धती

वाफ्यात आलेल्या पाण्यावर एकाच वेळी भौतिक, रासायनिक व जैविक प्रक्रिया होतात.

गाळ : तरंगते घनकण खोलगट्यात खाली बसतात किंवा माध्यमाच्या वरच्या थरात अडकतात. नीट बांधलेल्या प्रणालीत ८० टक्क्यांहून अधिक घनकण अडू शकतात.

जड धातू : शिसे, जस्त व तांबे यांचा मोठा भाग गाळाला चिकटलेला असतो. विरघळलेला अंश सेंद्रिय पदार्थ व मातीचे कण धरून ठेवतात. बहुतेक धातू वरच्या काही सेंटिमीटरमध्येच साठतात. त्यामुळे काही वर्षांनी केवळ वरचा थर बदलूनही क्षमता पूर्ववत करता येते.

तेलकट पदार्थ : आच्छादन व माती ते शोषून घेतात आणि त्यानंतर सूक्ष्मजीव त्यांचे विघटन करतात.

स्फुरद : माध्यमाच्या प्रतीनुसार परिणाम बदलतो. कंपोस्ट किंवा शेणखत जास्त घातल्यास वाफ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात येणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक स्फुरद आढळू शकतो. बागेसाठी चांगली ठरणारी सुपीक माती या कारणामुळे जैवधारणेस योग्य नसते.

नत्र : अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होते, पण नायट्रेट सहज विरघळून निघून जाते. ते काढण्यासाठी निचरा नळीचे तोंड वर उचलून तळाशी सुमारे ३०० मिमी वा अधिक जाडीचा सतत ओला, प्राणवायूरहित थर राखतात व त्यात लाकडाचा चुरा मिसळतात. तेथील जिवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात.

रोगजंतू : त्यांचे प्रमाण घटते, परंतु गाळलेले पाणी पिण्यायोग्य होत नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील संशोधनाने या गाळणक्रियेचे महत्त्व ठळक केले. वर्दळीच्या रस्त्यावरील पाण्यात कोहो जातीचे सामन मासे काही तासांत मरत, तर जैवधारण माध्यमातून गाळलेल्या त्याच पाण्यात ते जिवंत राहिले. मृत्यूस कारणीभूत असलेले रसायन टायरमधील एका संरक्षक द्रव्यापासून तयार होते, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

आकारमान व क्षमता

वाफ्याचे क्षेत्रफळ बहुधा पाणलोटातील अभेद्य पृष्ठभागाच्या काही टक्के इतके ठेवतात. पुढील उदाहरणात गोदामाचे छप्पर १,००० चौ. मी व वाफा त्याच्या ५ टक्के, म्हणजे ५० चौ. मी मानला आहे. साठवण खोली ०.२ मी, माध्यमाची जाडी ०.६ मी, त्यातील पाणी सामावणारी पोकळी २५ टक्के आणि झिरपदर ताशी १०० मिमी धरला आहे.

• खोलगट्यातील साठा : ५० × ०.२ = १० घनमीटर
• माध्यमातील साठा : ५० × ०.६ × ०.२५ = ७.५ घनमीटर
• एकूण साठा : १७.५ घनमीटर
• माध्यमातून होणारा निचरा : ५० × ०.१ = ताशी ५ घनमीटर

दोन तासांत २५ मिमी पाऊस पडल्यास छपरावरून २५ घनमीटर पाणी येते आणि वाफ्यावर थेट १.२५ घनमीटर पडते. साठा व दोन तासांचा निचरा मिळून क्षमता २७.५ घनमीटर असल्याने सर्व पाणी गाळले जाते. पाऊस ताशी ५० मिमी वेगाने पडला तर वाफा सुमारे २२ मिनिटांत भरतो व त्यानंतर सांडवा वाहू लागतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर २४ तासांत ९४४ मिमी पावसाची नोंद झाली. तेवढा पाऊस वरील छपरावर पडल्यास ९४४ घनमीटर पाणी येईल. वाफ्याचा साठा व २४ तासांचा निचरा मिळून सुमारे १३७ घनमीटर, म्हणजे जवळपास सातवा हिस्साच गाळला जाईल. उरलेले पाणी सांडव्याने जाणार, हे गृहीत धरूनच नाल्यांचा आकार ठरवावा लागतो.

कोकणातील परिस्थिती : अंबाडी परिसर

अंबाडी हे भिवंडी–वाडा रस्त्यावरील गाव आहे. अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरी व गणेशपुरीकडे रस्ता जातो. हा परिसर तानसा नदीजवळ असून ती नदी पुढे वैतरणा नदीच्या प्रणालीत मिळते. तालुक्याच्या ठिकाणाचे, म्हणजे भिवंडी शहराचे पाणी कामवारी नदीतून खाडीकडे जाते. यंत्रमागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात गेल्या काही दशकांत गोदामांची मोठी वाढ झाली असून पूर्वीच्या भातशेतीच्या जागी विस्तीर्ण पत्र्याची छपरे व ट्रक उभे करण्याची काँक्रीटची आवारे आली आहेत. अशा भूप्रदेशात जैवधारणेचे आरेखन पुढील बाबींवर अवलंबून राहते.

पावसाचे वितरण : ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे २,५०० मिमी पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. सिंगापूरमध्येही वर्षाला २,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, पण तो बारा महिन्यांत विभागलेला असतो. त्यामुळे वार्षिक आकडे जवळचे दिसत असले तरी तेथील आरेखन कोकणात जसेच्या तसे लागू होत नाही. येथे वाफा जुलैमध्ये सलग अनेक दिवस ओला राहतो आणि त्यानंतर महिनोन्‌महिने कोरडा पडतो.

जमीन : या भागाचा पाया दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. भातखाचरात दरवर्षी चिखलणी केल्याने नांगराच्या तळाखाली घट्ट थर तयार होतो. खाचरात पाणी टिकावे म्हणून तो उपयुक्त असतो, परंतु वाफ्यातील पाणी मुरण्यास अडथळा ठरतो. गोदामासाठी त्यावर मुरुमाचा भराव टाकून रोलर फिरवल्यास झिरप आणखी घटते. म्हणून जागेवर खड्डा घेऊन झिरपदर मोजणे आवश्यक ठरते. दर कमी आढळल्यास निचरा नळीशिवाय वाफा करणे म्हणजे डबके तयार करणे होय.

भूजलपातळी : भरपावसात विहिरींचे पाणी जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येते. अशा काळात उघड्या तळाच्या वाफ्यातून पाणी मुरण्यास जागा उरत नाही. उलट भूजलच निचरा थरात शिरू शकते. सखल जागी उथळ किंवा अस्तर दिलेली रचना अधिक योग्य ठरते.

सांडपाणी : गावठाण व नाक्यांवरील उघड्या गटारांतून अनेकदा घरगुती सांडपाणी व पावसाचे पाणी एकत्र वाहते. जैवधारण प्रणाली सांडपाणी प्रक्रियेसाठी नसते. बारमाही सांडपाणी आल्यास माध्यम लवकर चोंदते व दुर्गंधी येते. सायझिंग व रंगाईच्या कारखान्यांतील पाण्यावरही स्वतंत्र प्रक्रिया आवश्यक असून ते अशा वाफ्यात सोडता येत नाही.

भूजल पुनर्भरणाची अपेक्षा : शेजारच्या शहापूर तालुक्यात भरपूर पाऊस व मोठी धरणे असूनही अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः भेगांत व झिजलेल्या थरात साठते आणि उतारावरून पावसाळ्यानंतर लवकर वाहून जाते. त्यामुळे जैवधारणेने उन्हाळी टंचाई दूर होईल अशी अपेक्षा बाळगता येत नाही. येथे तिचा खरा लाभ जूनच्या पहिल्या सरींतील घाण तानसा व कामवारी यांसारख्या नद्यांत जाण्यापूर्वी अडवण्यात आहे.

पाणी बांधाने अडवणे व जादा पाणी ठरलेल्या वाटेने खालच्या खाचरात सोडणे ही भातशेतीतील परिचित पद्धत आहे. साठवण, मर्यादित खोली आणि सांडवा ही जैवधारणेची तीन अंगे तिच्याशी मिळतीजुळती आहेत. भेद असा की खाचरात पाणी टिकवायचे असते आणि जैवधारण वाफ्यात ते एक-दोन दिवसांत खाली उतरवायचे असते.

साहित्य

गाळण माध्यमासाठी स्वच्छ वाळू लागते. नदी व खाडीतील वाळूउपशावरील निर्बंधांमुळे बांधकामात दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू, म्हणजे क्रश सँड वापरली जाते. तिच्यातील दगडाची बारीक भुकटी धुऊन काढली नाही तर माध्यम पहिल्याच पावसाळ्यात घट्ट होऊ शकते. काम सुरू असलेल्या बांधकामाचे गढूळ पाणी वाफ्यात आल्यानेही असेच घडते. म्हणून आवारातील सर्व मातीकाम संपल्यानंतर माध्यम भरण्याची पद्धत आहे.

वनस्पती

मुळे माध्यमात वाटा मोकळ्या ठेवतात आणि सूक्ष्मजीवांना आधार देतात. निवडलेल्या वनस्पतींनी तात्पुरते पाणी साचणे व दीर्घ कोरडा काळ ही दोन्ही टोके सहन केली पाहिजेत. खोल मुळांचा वाळा या दृष्टीने उपयुक्त मानला जातो. ओढ्याकाठी वाढणारी निर्गुडी कडेच्या भागास योग्य ठरते. लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पती खोलगट भागात टिकतात. कर्दळ व वेखंड ओलावा मागतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी देण्याची सोय असेल तेथेच ती लावणे इष्ट ठरते. पावसाळ्यापूर्वीच्या कडक उन्हात केलेली लागवड सहसा तग धरत नाही. जूनच्या सरी स्थिरावल्यावर लावलेली रोपे पावसाळा संपेपर्यंत मूळ धरतात.

देखभाल

देखभालीअभावी जैवधारण प्रणाली निकामी होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे वरचा थर चोंदणे. कोकणातील हंगामानुसार कामे अशी विभागता येतात.

• मे : गाळकप्पा व प्रवेशमार्ग साफ करणे, साठलेली धूळ व प्लॅस्टिक काढणे, सांडवा मोकळा असल्याची खात्री करणे.
• जून : पहिल्या मोठ्या पावसानंतर कचरा उचलणे व पाणी किती तासांत उतरते याची नोंद घेणे.
• जुलै–ऑगस्ट : काठांची धूप व सांडव्यापाशी अडकलेला पालापाचोळा पाहणे.
• सप्टेंबर–ऑक्टोबर : तण काढणे, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे.
• हिवाळा–उन्हाळा : वनस्पतींची छाटणी, आवश्यकतेनुसार मर्यादित पाणी.

पाणी ४८ तासांनंतरही साचून राहत असल्यास वरचे काही सेंटिमीटर खरवडून नवी वाळू घालतात. काढलेल्या मातीत जड धातू असू शकतात, म्हणून ती शेतात वा भाजीपाल्याच्या वाफ्यात टाकू नये.

डास हा नागरिकांचा नेहमीचा आक्षेप असतो. डासांची अळी ते प्रौढ अवस्था पूर्ण होण्यास साधारणतः आठवडाभर लागत असल्याने दोन दिवसांत रिकामा होणारा वाफा त्यांचे उत्पत्तिस्थान बनत नाही. चोंदलेला वाफा मात्र बनतो. पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिसचा धोका लक्षात घेऊन साचलेल्या पाण्यात काम करताना गमबूट व हातमोजे वापरणे आवश्यक असते.

मर्यादा

मोठ्या पुरांवर जैवधारणेचा परिणाम अल्प असतो. २० जुलै २०२१ रोजी चीनच्या चंगचौ शहरात एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला. स्पंज शहराची कामे होऊनही तेथे भीषण पूर आला व अशा उपायांच्या मर्यादेची जगभर चर्चा झाली. तीव्र उतार, फार दाट वस्ती आणि भरतीचे पाणी चढणारे खाडीकाठचे भाग येथेही तिचा उपयोग कठीण असतो. दीर्घ कोरड्या काळात संपृक्त थर सुकला तर नत्र काढण्याची क्षमता घटते आणि पुढच्या पहिल्या पावसात साठलेले नायट्रेट बाहेर पडू शकते. अनेक लहान वाफे वेगवेगळ्या मालकांच्या आवारात असल्यास देखभालीची जबाबदारी निश्चित करणे हाही व्यावहारिक प्रश्न असतो.

भारतातील धोरण

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिमी पाऊस गृहीत धरून बांधल्या होत्या. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात ही क्षमता ताशी ५० मिमी करण्याची शिफारस करण्यात आली. २००५ च्या पुरानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने मुंबईच्या जलनिस्सारणाचा सविस्तर आढावा घेतला. या प्रयत्नांचा भर पाणी लवकर समुद्रात नेण्यावर होता. जेथे पाऊस पडतो तेथेच पाणी अडवण्याचा विचार नंतर पुढे आला.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये काढलेल्या शहरी पूर व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत सार्वजनिक उद्याने व मोठ्या वसाहतींत पर्जन्यउद्यानांचा समावेश करण्यास सुचवले आहे. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी कामकाज मंत्रालयाने २०१९ मध्ये पर्जन्यजल निचरा प्रणालींविषयीची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ठरावीक क्षेत्रफळावरील भूखंडांसाठी पर्जन्यजल संचयन बंधनकारक आहे. संचयनात मुख्यतः छपरावरचे तुलनेने स्वच्छ पाणी साठवले किंवा जमिनीत सोडले जाते. जैवधारणेचा भर रस्ते व वाहनतळांवरील दूषित पाणी गाळण्यावर असतो. एकाच आवारात छपरासाठी संचयन व ट्रकतळासाठी जैवधारण अशी दोहोंची जोड देता येते.

हेही पहा

• पर्जन्यजल संचयन
• भूजल पुनर्भरण
• भिवंडी
• तानसा नदी
• मुंबईतील २००५ चा पूर